वडावरची वटवाघळं आणि वारुळावरची अळंबी: आधी कशासाठी बोलायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या बाजूला सोसायटी, मागच्या कुंपणाला लागून जुना वड, त्यावर दिवसभर मोठी वटवाघळं लटकलेली असतात, आणि वडापासून थोडं पुढे वाळवीचं एक वारूळ आहे तिथे दर पावसाळ्यात पांढरी अळंबी उगवते. कमिटीला दोन्ही नकोय. मे महिन्यात फांद्या छाटायच्या आणि वारुळात औषध सोडायचं असं घाटतंय. विचारणाऱ्या ताई म्हणतात की दोन्हीसाठी भांडण्याइतकी माणसं माझ्या बाजूनं नाहीत, तर प्राणी आणि बुरशी यांची नीट तुलना करून सांगा, कोण जास्त धोक्याचं, कोण जास्त गरजेचं, आणि मी आधी कशासाठी बोलू.

मी ठाण्यात जीवशास्त्र शिकवतो आणि येऊर, खारघर, कर्नाळा या पट्ट्यात वटवाघळं आणि बुरशींच्या नोंदी ठेवण्याचं काम बऱ्याच वर्षांपासून करतोय, त्यामुळे उत्तर जरा लांब होणार, पण मुख्य गोष्ट आधीच सांगतो. आधी वडासाठी बोला, आणि मे उजाडायच्या आत बोला. वारुळासाठी सुद्धा बोला पण तिथे मुद्दा वेगळा आहे, घाईचं कारण वेगळं आहे. एक वटवाघूळ मेलं की एक अख्खा जीव जातो आणि तो परत भरून यायला वर्षं लागतात. एक अळंबी तोडली तर जीव जात नाही, पण वारूळ मारलं तर सगळंच जातं आणि ते गेलेलं कोणाला दिसत पण नाही. तुलना करायची तर या जागेवरून करायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे, बाकी दिसणं, वास, भीती हे सगळं नंतर.

आधी दोघांची ओळख. वडावर उघड्यावर, शंभर-दोनशेच्या घोळक्यानं लटकणारं, तांबूस मानेचं आणि कुत्र्यासारख्या तोंडाचं म्हणजे आपलं मोठं फळखाऊ वटवाघूळ, शास्त्रीय नाव टेरोपस मीडियस, जुन्या पुस्तकांत टेरोपस जायजँटियस मिळेल. पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत चार फूट किंवा जास्तच, वजन दीड किलोपर्यंत जाऊ शकतं. संध्याकाळी दिव्याभोवती किडे पकडत भिरभिरणारी छोटी पाकोळी, म्हणजे किडे खाणारं लहान वटवाघूळ, हे वेगळं प्रकरण, ती आवाजाच्या प्रतिध्वनीवर चालते. हे मोठं वटवाघूळ तसं करत नाही, ते डोळ्यांनी बघतं आणि नाकानं फळ शोधतं. म्हणून 'वटवाघूळ आंधळं असतं, केसांत अडकतं' हे जे मीटिंगमध्ये कोणीतरी हमखास म्हणणार, त्याला तिथेच थांबवा, त्याची नजर रात्री आपल्यापेक्षा चांगली असते.

अळंबी तुम्ही पाठवलेल्या वर्णनावरून, म्हणजे वारुळावरच येते, पांढरी-करडी छत्री, मधोमध टोकदार उंचवटा, आणि देठ ओढला तर जमिनीत मुळासारखा लांब खाली गेलेला, ही टर्मिटोमायसिस वंशातली आहे. आपल्याकडे या वंशाच्या अनेक जाती आहेत, त्यातली टर्मिटोमायसिस हाइमी ही तर १९७९ मध्ये भारतातूनच शास्त्राला कळवली गेली. तुमची नेमकी कुठली ते वर्णनावरून सांगणार नाही, पण वंश कळला तरी तुमच्या प्रश्नाला पुरेसं आहे कारण सगळ्यांचं जगणं एकाच पद्धतीचं.

आता एक गोष्ट जी बहुतेकांना खरी वाटत नाही. तुमच्या आवारातल्या या तिघांमध्ये, वड, वटवाघूळ आणि अळंबी, जवळचे नातेवाईक कोण? लोक म्हणतात वड आणि अळंबी, कारण दोन्ही जमिनीतून उगवतात, हलत नाहीत, भाजीवाल्याकडे अळंबी भाजीतच असते. प्रत्यक्षात वटवाघूळ आणि अळंबी हे एकमेकांच्या जवळचे आणि वड त्या दोघांना लांबचा. प्राणी आणि बुरशी यांची वंशशाखा वनस्पतींपासून फुटल्यावर काही काळ एकच होती, ते दोघं वेगळे झाले त्याला शंभर कोटी वर्षांच्या आसपास झाली असं मानतात. बुरशीत हरितद्रव्य नाही, ती अन्न तयार करू शकत नाही, साखर साठवते ती स्टार्चच्या नाही तर ग्लायकोजेनच्या रूपात, जसं आपलं यकृत साठवतं. तिच्या पेशींच्या भिंती कायटिनच्या, जे खेकड्याच्या कवचात असतं. दोघांनाही तयार अन्न लागतं, फरक एवढाच की वटवाघूळ अन्न पोटात घेऊन पचवतं आणि बुरशी अन्नातच पसरून बाहेर पाचकरस सोडते आणि पचलेलं शोषून घेते. या एका फरकावरून पुढचं सगळं ठरतं, कारण ज्याला अन्न शोधत फिरायचंय त्याला ठराविक आकाराचं शरीर लागतं, आणि जिला अन्नात पसरायचंय तिला शरीर असं नसतंच, धाग्यांचं जाळं असतं.

म्हणजे वारुळावर तुम्ही जे बघता ते बुरशीचं शरीर नाही. झाडावर आंबा लागतो तसं ते फळ आहे, झाड खाली आहे, वारुळाच्या आत. वाळवीच्या कामकरी सुकलेली पानं, काटक्या, गवत चावून खातात आणि त्यांच्या विष्ठेपासून आत स्पंजसारखे गोळे रचतात, त्या गोळ्यांवर ही बुरशी वाढते. लिग्निन आणि सेल्युलोज हे लाकडातले चिवट घटक वाळवीला एकटीला नीट पचत नाही, बुरशी ते मऊ करून देते, आणि वाळवी त्या गोळ्यांवरचे बारीक पांढरे दाणे आणि जुना झालेला गोळा खाते. बदल्यात बुरशीला मिळतं घर, ओलावा, सारखं तापमान आणि तण काढणारे लाखो हात. ही शेती साधारण ३ कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत सुरू झाली आणि तेव्हापासून ना ही वाळवी बुरशीशिवाय जगते ना ही बुरशी वारुळाशिवाय निसर्गात सापडते. बटण मशरूम, धिंगरी यांची शेती होते पण या अळंबीची व्यापारी शेती अजून कोणाला जमलेली नाही, त्याचं कारणही हेच. पावसाळ्यात येऊरच्या पाड्यांवरच्या किंवा शहापूर-मुरबाडकडच्या बायका सागाच्या पानात बांधून ती विकायला आणतात ती सगळी रानातून गोळा केलेली असते.

आता नुकसानाचा हिशोब करू. वटवाघळाची मादी वर्षाला साधारण एकच पिल्लू देते. पोटात जवळपास पाच महिने, मग फेब्रुवारी ते मे या काळात जन्म, मग काही आठवडे आई त्याला छातीला चिकटवून सोबतच उडते, नंतर पिल्लू जड झालं की झाडावर ठेवून रात्री चरायला जाते. दूध पाजते, सस्तन प्राणी आहे तो, आपल्यासारखाच. बंदिवासात ही वटवाघळं ३० वर्षांहून जास्त जगल्याची नोंद आहे. एवढं सावकाश वाढणारं, एवढं लांब जगणारं जनावर म्हणजे त्याची संख्या उंदरासारखी भराभर परत येत नाही. आणि मे महिन्यात फांदी पाडली तर काय होतं ते डोळ्यासमोर आणा, मोठी उडून जातील, पिल्लं खाली पडतील. महापालिकेची आणि सोसायट्यांची छाटणी पावसाळ्याआधी होते, वादळात फांदी पडू नये म्हणून, त्यामागचं कारण बरोबरच आहे पण वटवाघळांसाठी वर्षातला सगळ्यात वाईट महिना नेमका तोच. म्हणून मी घाई करा म्हणतोय. शिवाय मे मध्ये ऊन्हाचा त्रास आधीच असतो, ही वटवाघळं पंखांनी वारा घेतात, अंगाला थुंकी लावून थंड राहतात, आणि पारा ४२ च्या वर गेला की मरायला लागतात. मे २०२० मध्ये उत्तर प्रदेशात गोरखपूरजवळ शेकडो वटवाघळं अशी एका वेळी मेली होती, लोकांना वाटलं कोरोना, तपासणीत कारण उष्माघात निघालं. ठाण्यात खाडीमुळे पारा तेवढा जात नाही सहसा, पण दाट सावलीची फांदी काढून टाकली तर उरलेल्यांना भर उन्हात लटकावं लागतं.

अळंबीचा हिशोब उलटा आहे. एक छत्री तोडली तर खालच्या जाळ्याला फारसं काही होत नाही, पुढच्या वर्षी परत येईल. पण इथे एक बारीक मुद्दा आहे आणि तो खूप कमी लोकांना माहिती असतो. पहिल्या पावसात पंखवाली वाळवी उडते ना, दिव्यावर येते ती, ती म्हणजे नवीन राजा-राण्या. या बहुतेक जातींमध्ये राणी जाताना बुरशी सोबत नेत नाही. ती जमिनीत शिरते, अंडी घालते, आणि काही आठवड्यांनी तिच्या पहिल्या कामकरी बाहेर पडतात तेव्हा त्यांना बुरशीचं बी बाहेरून शोधून आणावं लागतं. आणि साधारण त्याच सुमारास, जुलै-ऑगस्टला, जुन्या वारुळांवर अळंबी उगवून उघडते आणि बीजाणू, म्हणजे तेच बी, सोडते. ते बीजाणू पालापाचोळ्यासोबत नव्या वारुळात जातात आणि नवी शेती सुरू होते. म्हणजे परिसरातली सगळीच अळंबी कळी असतानाच खुडली, एकही छत्री उघडू दिली नाही, तर जुनं वारूळ जगेल पण आसपासच्या नव्या वारुळांना बी मिळणार नाही. त्यामुळे खाणाऱ्यांना मी नेहमी सांगतो, काही छत्र्या पूर्ण उघडून सुकेपर्यंत राहू द्या, आणि देठ खणून काढू नका, जमिनीलगत तोडा.

वारुळात औषध ओतलं तर मात्र हा सगळा हिशोबच संपतो, वाळवी मेली की काही दिवसांत त्या गोळ्यांवर दुसऱ्याच बुरशी चढतात आणि ही मरते. वटवाघळं कमी झाली तर कळतं, संध्याकाळी बाहेर पडताना मोजता येतात, मुलांना घेऊन गच्चीवरून मोजा, खूप सोपं आहे. बुरशीच्या बाबतीत पुढच्या पावसाळ्यात अळंबी आली नाही एवढंच कळणार आणि लोक म्हणणार यंदा पाऊस बरोबर नव्हता.

गरजेचं कोण, याचं उत्तर मी कोण एक असं देणार नाही कारण दोघांची कामं वेगवेगळ्या टोकाला आहेत. वटवाघूळ रात्रीत कित्येक किलोमीटर जातं, तुमच्या वडावरून उठून येऊरमध्ये, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या १०४ चौरस किलोमीटरच्या जंगलात जायला त्याला वेळ लागत नाही. वड, उंबर, पिंपळ, जांभूळ, मोह यांची फळं खातं, रस गिळतं, चोथा थुंकतं, बिया लांब नेऊन टाकतं. सावर, गोरखचिंच, टेटू अशा रात्री फुलणाऱ्या झाडांना वटवाघळांची गरज पडते. जिथे जंगलाचे तुकडे झालेत आणि मधून घोडबंदर रोड गेलाय तिथे एका तुकड्यातून दुसऱ्यात बी नेणारे फार थोडे उरलेत. अळंबी आणि तिची वाळवी मात्र जागच्या जागी काम करतात, पडलेला पालापाचोळा आणि सुकलेलं लाकूड परत मातीत घालतात, बोगद्यांमुळे पाणी जमिनीत मुरतं. वटवाघळानं टाकलेलं बी रुजायला जी माती लागते ती अशीच बनते.

आता धोका. इथे कमिटी सगळ्यात जास्त आवाज करणार, म्हणून नीट सांगतो. दोघांचा धोका वेगळ्या रस्त्यानं येतो. वटवाघळाला हात लावायचा नाही, अळंबीला हात लावला तर काही होत नाही पण ओळखल्याशिवाय तोंडात घालायची नाही. बास, एवढं कळलं की निम्मी भीती जाते.

वटवाघळाच्या बाबतीत निपाहचं नाव निघेल. खरं आहे, निपाह विषाणूचा नैसर्गिक सांभाळ करणारी हीच जात आहे, केरळमध्ये २०१८ ला कोझिकोडला साथ आली होती, आणि पुण्याच्या एनआयव्हीनं, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेनं, महाबळेश्वरच्या गुहेतल्या दुसऱ्या दोन जातींच्या वटवाघळांत निपाहच्या प्रतिपिंडांची, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याच्या खुणांची, नोंद २०२१ मध्ये छापली. हे लपवू नका, मीटिंगमध्ये स्वतःहूनच सांगा. आणि मग हे पण सांगा की झाडाखालून गेल्यानं निपाह होत नाही. बांगलादेशात बहुतेक वेळा तो वटवाघळांनी तोंड लावलेला खजुरीचा कच्चा रस पिऊन आला. तर खाली पडलेलं, दात लागलेलं फळ खायचं नाही, मुलांना तसं शिकवायचं, फळं धुवून-सोलून खायची, विष्ठा पडली तर पाण्यानं ओली करून हातमोजे घालून साफ करायची, कोरडी झाडायची नाही. चावलं किंवा ओरखडा आला तर साबणानं पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवून लगेच हॉस्पिटल, रेबीजची लस डॉक्टर ठरवतील. आणि ऑस्ट्रेलियात निपाहच्याच भावकीतल्या हेंड्रा विषाणूवर जे काम झालंय त्यात दिसलं की वटवाघळांचं जंगल आणि खाणं तुटलं की ती माणसाच्या जवळ येतात आणि ताण पडलेली वटवाघळं विषाणू जास्त सोडतात. म्हणजे आरोग्याच्या भीतीनं फांद्या तोडणं हा उपाय उलटा पडू शकतो. हा मुद्दा कमिटीतल्या डॉक्टर सदस्यांना आधी जाऊन सांगा, त्यांना पटला तर बाकीचे ऐकतात.

अळंबीत धोका आहे तो सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या छत्र्यांचा. सोसायटीच्या लॉनवर पावसात येणारी मोठी पांढरी, तपकिरी खवले असलेली छत्री ही बहुतेकदा क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस असते, तिची छत्री रात्रभर पांढऱ्या कागदावर पालथी ठेवली की हिरवट पूड पडते, वारुळावरच्या अळंबीची गुलाबीसर पडते. ती हिरवी पूडवाली खाल्ली की काही तासांत जोरदार उलट्या-जुलाब. त्याहून वाईट म्हणजे अमॅनिटा गटातल्या काही जाती, त्यात त्रास सुरू व्हायलाच सहा-बारा तास किंवा जास्त लागतात, मग जरा बरं वाटतं आणि दोन-तीन दिवसांत यकृत जातं, आणि शिजवून ते विष जात नाही. चांदीचा चमचा काळा पडला, लसूण काळा पडला, गोगलगायीनं खाल्लीय म्हणजे चालेल, या सगळ्या चाचण्या साफ खोट्या आहेत. ज्या बाईनं लहानपणापासून त्याच रानात तोडलीय तिच्याकडून घ्या, स्वतः उगाच प्रयोग करू नका, आणि मोबाईलच्या अॅपवरून ओळखून तर अजिबात खाऊ नका. मीटिंगमध्ये अळंबीची बाजू घेताना 'खायला मिळते' हा मुद्दा मी तरी काढणार नाही, कोणीतरी लॉनवरची उचलून घरी नेईल.

कोणीतरी असंही म्हणेल की बुरशीमुळे वटवाघळं मरतात, इंटरनेटवर वाचलं. ते अमेरिकेतलं आहे, २००६ पासून तिथे एका थंडी आवडणाऱ्या बुरशीनं गुहेत हिवाळी झोप घेणारी लाखो वटवाघळं मारली, नाकावर पांढरी पूड दिसते. ती बुरशी २० अंशांच्या वर वाढत नाही आणि आपली वटवाघळं तशी हिवाळी झोप घेतच नाहीत. वारुळावरच्या अळंबीशी त्याचा काही संबंध नाही.

कायद्याचं थोडक्यात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळखाऊ वटवाघळं उंदीर-कावळ्यांसोबत उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होती, २०२२ च्या दुरुस्तीनं ती अनुसूचीच काढली आणि १ एप्रिल २०२३ पासून ते लागू झालं, म्हणजे 'ते उपद्रवी आहेत, मारलं तरी चालतं' हे जुनं वाक्य आता चालणार नाही. वडासाठी १९७५ चा महाराष्ट्राचा शहरी वृक्ष कायदा आहे, तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि २०२१ च्या दुरुस्तीनं ५० वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळी जागा दिलीय, तर तुमच्या वडाचं वय काढून घ्या, जुने रहिवासी किंवा गावातली मंडळी सांगतील. अळंबीला आणि वारुळाला सोसायटीच्या आवारात असं कुठलंच संरक्षण नाही. तिथे फक्त समजावणं हाच रस्ता.

तर समजावताना असं करा. वडाबाबत 'छाटू नका' म्हणू नका, 'मे मध्ये नको, ऑक्टोबर-नोव्हेंबरला करू' म्हणा. तोपर्यंत पिल्लं उडायला लागलेली असतात. आणि छाटणी रस्त्यावर किंवा बिल्डिंगवर झुकलेल्या फांद्यांचीच, वटवाघळं बसतात त्या मधल्या फांद्या सोडून. पावसाळ्याआधी एखादी फांदी खरंच धोकादायक असेल तर तेवढी एकच, उद्यान विभागाच्या माणसाला दाखवून. गाड्या झाडाखालून हलवणं हा विष्ठेच्या तक्रारीवरचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. पिल्लू खाली पडलेलं दिसलं तर नुसत्या हातानं उचलू नका, जाड टॉवेलमध्ये घेऊन खोक्यात ठेवा, दूध पाजू नका, आणि वनविभागाच्या १९२६ नंबरला फोन करा.

वारुळाबाबत पेस्ट कंट्रोलवाल्याला दोन प्रश्न विचारा: इमारतीत वाळवी कुठे दिसली, आणि ती याच वारुळातली आहे हे कशावरून. बुरशी पाळणारी वाळवी कधीकधी इमारतीतही शिरते, हे मी नाकारत नाही, पण घरातल्या फर्निचरला लागलेली बरेचदा दुसऱ्या जातीची असते जिला वारूळच नसतं, आणि बागेतलं वारूळ मारून ती जात नाही. इमारतीच्या पायाभोवती औषधाची रेघ मारली की काम होतं, कुंपणाजवळचं वारूळ तसंच राहू शकतं. त्याच्या भोवती चार दगड लावून घ्या म्हणजे माळी चुकून फावडं घालणार नाही, आणि वडाचा पडलेला पाला तिथला तरी झाडून नेऊ नका, वाळवीला खायला तोच लागतो. हे दोन्ही ठराव एकाच मीटिंगमध्ये मांडू नका. वडाचा एप्रिलच्या आधी घ्या, वारुळाचा जून लागायच्या आत घेतलात तरी चालेल, फक्त तोवर औषधवाल्याला बोलावणार नाही एवढं सेक्रेटरींकडून लेखी घेऊन ठेवा.